अपस्मार : शासकीय धोरण आणि औषधपुरवठा

अपस्मार (फेफरे, मिरगी, आकडी) हा मेंदूतील तंत्रिका कोशिकांच्या विद्युत् क्रियेत आकस्मिक व अतिरेकी उद्रेक होऊन पुनःपुन्हा झटके येण्याचा विकार होय. जगात सु. ५ कोटी लोकांना तो आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतातील निरनिराळ्या पाहण्यांचा एकत्रित विचार करता दर हजार लोकसंख्येत पाच ते सहा व्यक्तींना हा विकार असल्याचे दिसते. मुंबईतील पारशी समाजाच्या पाहणीत (१९८८) हे प्रमाण हजारी ४·७ आढळले. बंगलोर व त्याच्या परिसरातील पाहणीत (२००४) ते शहरात ५·७, तर ग्रामीण भागात ११·९ होते. योग्य औषध नियमितपणे मिळाल्यास सु. ७० टक्के रुग्णांचे झटके थांबू शकतात. या कामी येणारे सर्वांत स्वस्त औषध १९१२ पासून उपलब्ध आहे. असे असूनही औषधापासून वंचित असलेल्या रुग्णांचे प्रमाण भारतातील काही सुस्थित शहरी वस्त्यांत सु. एक-चतुर्थांश, तर अनेक ग्रामीण भागांत तीन-चतुर्थांशांहून अधिक आढळले आहे. विकाराची लक्षणे, प्रकार व निदान यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केलेला नाही. शासनाचे लक्ष या विकाराकडे कोणकोणत्या वाटांनी गेले आणि औषध रुग्णापर्यंत पोहोचविण्याचा प्रश्न त्यात इतका मागे का राहिला, एवढ्यापुरताच येथील इतिहास मर्यादित आहे.

पूर्वपीठिका : ‘अपस्मार’ या शब्दाचा अर्थ स्मृतीचा लोप असा आहे. चरकसंहितेत निदानस्थान व चिकित्सास्थान या दोन्ही विभागांत या विकारावर स्वतंत्र अध्याय असून वातज, पित्तज, कफज व सान्निपातिक असे त्याचे चार प्रकार मानले आहेत. पंचगव्य घृत, ब्राह्मी घृत इ. औषधे त्यावर सांगितली आहेत. ग्रीसमध्ये इ. स. पू. सु. ४०० च्या सुमारास हिपॉक्राटीझच्या संप्रदायातील एका ग्रंथात हा ‘पवित्र रोग’ दैवी कोपाचा नसून मेंदूचा आहे, असे प्रतिपादिले होते. विद्वानांचे हे मत लोकमानसात मात्र उतरले नाही. नटराजाच्या पायाखाली जो ठेंगू पुरुष दाखवितात त्याचे नावच अपस्मार असे आहे. रोग हा तुडविण्याजोगा असुर होय, ही कल्पना त्यामुळे शिल्पातून कायम डोळ्यांपुढे राहिली. झटका आलेल्या माणसाला कांदा वा वहाण हुंगविणे, त्याच्या मुठीत लोखंडी वस्तू देणे, हे उपाय महाराष्ट्रात आजही केले जातात. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो. त्यामुळे त्याचे श्रेय हातातल्या किल्लीला मिळते आणि औषधाची गरज कोणाला भासत नाही.

औषधांचा शोध : आधुनिक औषधोपचाराचा आरंभ १८५७ मध्ये झाला. व्हिक्टोरिया राणीचे प्रसूतिवैद्य चार्ल्स लोकॉक (१७९९–१८७५) यांनी लंडनच्या वैद्यकीय सभेत पोटॅशियम ब्रोमाइडाचा गुण सांगितला आणि पुढील अर्धशतक तेच मुख्य औषध राहिले. त्याने झटके कमी होत. पण सुस्ती, बुद्धिमांद्य व अंगावर पुटकुळ्या हे दोष मोठे होते. १९१२ मध्ये जर्मन वैद्य आल्फ्रेट हाउप्टमान यांना झोपेसाठी वापरल्या जाणाऱ्या फिनोबार्बिटोनाने (व्यापारी नाव ल्युमिनल) आपल्या रुग्णांचे झटकेही कमी होत असल्याचे आढळून आले. हे औषध शरीरातून अतिशय सावकाश बाहेर पडते, त्यामुळे रात्री एकदाच घेतले तरी चालते. दूरच्या खेड्यातील, घड्याळ न पाहणाऱ्या रुग्णाला यापेक्षा सोयीचे औषध अद्याप निघालेले नाही. १९३८ मध्ये एच्. ह्यूस्टन मेरिट व ट्रेसी पुटनम यांनी फेनिटॉइन प्रचारात आणले. कार्बामाझेपीन व सोडियम व्हॅलप्रोएट ही औषधे १९६० नंतरच्या दशकात उपयोगात आली. हान्स बेर्गर (१८७३–१९४१) यांनी १९२९ मध्ये मानवी मेंदूविद्युत् आलेख प्रसिद्ध केल्यावर हा विकार मेंदूच्या विद्युत् क्रियेचा आहे, हे डोळ्यांना दिसू लागले. भारतात वेल्लोर येथे जेकब चँडी व बलदेव सिंग यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये अपस्मारावरील शस्त्रक्रियेस प्रारंभ झाला. पण शस्त्रक्रियेचा लाभ होऊ शकेल असे रुग्ण थोडे आणि तशी रुग्णालये त्याहून थोडी. प्रश्न मुख्यतः गोळ्यांचाच राहिला.

वेड्यांच्या रुग्णालयापासून : शासनाने या रुग्णांची दखल प्रथम घेतली ती बंदोबस्ताच्या दृष्टीने. १८५८ च्या कायद्यान्वये ब्रिटिश हिंदुस्थानात वेड्यांसाठी जी रुग्णालये चालविली गेली, त्यांच्या वार्षिक अहवालांत अपस्मारजन्य वेड असा एक वर्ग असे. झटक्यांमुळे कुटुंबाला जड झालेले रुग्ण अशा ठिकाणी येत. यूरोपात याच काळात अपस्मारींसाठी वेगळ्या वसाहती निघाल्या. जर्मनीतील बीलेफेल्ट येथील बेथेल ही १८६७ मधील वसाहत त्यांपैकी प्रसिद्ध होय. हिंदुस्थानात तेवढेही झाले नाही. ज्या वर्षी फिनोबार्बिटोनाचा गुण कळला, त्याच १९१२ साली येथे वेडेपणाविषयीचा नवा कायदा (इंडियन ल्यूनसी ॲक्ट) झाला. दोन्ही घटनांचा परस्परसंबंध नाही. तथापि औषध सापडल्याने ज्या विकाराचा रुग्ण घरी राहून बरा होण्याची शक्यता निर्माण झाली, त्याचा शासकीय विचार पुढेही वेडेपणाच्याच सदरात होत राहिला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. हा कायदा १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने रद्द झाला आणि त्याची जागा पुढे २०१७ च्या अधिनियमाने घेतली.

विवाहविषयक कायदा : अपस्माराचा स्पष्ट उल्लेख करणारे भारतीय कायदे थोडे आहेत आणि त्यांपैकी सर्वांत दूरगामी परिणामाचा कायदा औषधाशी नव्हे, तर विवाहाशी संबंधित आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या मूळ पाचव्या कलमात वधू वा वर जडबुद्धी किंवा वेडा नसावा एवढीच अट होती. अपस्माराचा उल्लेख नव्हता. विवाह कायदे (दुरुस्ती) अधिनियम, १९७६ ने या अटीचा विस्तार केला आणि वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके येत असलेल्या व्यक्तीस विवाहास अपात्र ठरविले. विशेष विवाह अधिनियम, १९५४ मध्येही तशीच दुरुस्ती झाली. हिंदू विवाह अधिनियमाच्या बाराव्या कलमानुसार ही अट मोडून झालेला विवाह न्यायालयाकडून रद्द करून घेता येत असे. दुरुस्तीतील शब्दरचना इंग्लंडच्या विवाहविषयक कायद्यातील आहे. तेथे १९३७ मध्ये असे कलम घालण्यात आले होते. मात्र १९७१ च्या कायद्याने त्यातील अपस्मार वगळण्यात आला. इंग्लंडने टाकून दिलेले शब्द पाच वर्षांनी भारताने उचलले, असे म्हणावे लागते.

या कलमात वेड व अपस्मार एका ओळीत आले, हा त्याचा एक दोष. दुसरा दोष अधिक सूक्ष्म, पण व्यवहारात अधिक घातक होता. झटके येत असत, एवढेच कायदा पाहत असे. ते औषधाने थांबले आहेत की नाहीत याला त्यात स्थान नव्हते. अनेक वर्षे गोळी घेऊन निरोगी जीवन जगणारी मुलगी आणि मुळीच उपचार न घेणारी मुलगी कायद्याच्या दृष्टीने सारख्याच. किंबहुना उपचार घेणारीच अधिक अडचणीत येई. कारण डॉक्टरची चिठ्ठी, औषधाची बाटली आणि मेंदूविद्युत् आलेख हा तिच्याविरुद्धचा पुरावा ठरू शके. अर्थात आजार लपविण्याची प्रथा कायद्याने निर्माण केली नाही. ती आधीपासूनच होती. कायद्याने तिला कारण पुरविले. लग्न ठरले की गोळ्या बंद, सासरी गेल्यावर त्या उघडपणे घेता येत नाहीत म्हणून बंद, आणि मग नव्या घरात पहिला झटका, हा क्रम तंत्रिकाविज्ञांना परिचित आहे. फिनोबार्बिटोन एकाएकी थांबविल्यास पूर्वीपेक्षा तीव्र झटके येऊ शकतात. एकापाठोपाठ एक असे न थांबणारे झटके आल्यास मृत्यूही संभवतो. विवाहाचा कायदा आणि औषधाचे सातत्य हे दोन विषय वरकरणी दूरचे दिसले, तरी येथे ते एकच होतात.

हे कलम बदलावे यासाठी इंडियन एपिलेप्सी असोसिएशन ही संस्था व देशातील तंत्रिकाविज्ञ यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला. १९८९ मध्ये नवी दिल्ली येथे आंतरराष्ट्रीय अपस्मार परिषद भरली, त्यामुळे या प्रश्नाला प्रसिद्धी मिळाली. अखेर विवाह कायदे (दुरुस्ती) अधिनियम, १९९९ अन्वये दोन्ही अधिनियमांतून अपस्मार हा शब्द काढून टाकण्यात आला. त्यापूर्वी तेवीस वर्षे तो कायद्यात होता. लोकव्यवहारातून मात्र तो तितक्या सहजतेने गेलेला नाही.

अन्य कायद्यांपैकी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ खालील नमुन्यात वाहन चालविण्याचा परवाना मागणाऱ्यास अपस्मार आहे काय, असे विचारलेले असते. सार्वजनिक सुरक्षिततेच्या दृष्टीने हा प्रश्न रास्तच आहे. परंतु झटके ठराविक काळ थांबल्यावर परवाना देण्याची अनेक देशांतील पद्धत अधिक न्याय्य वाटते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या अधिनियमात २१ प्रकारच्या दिव्यांगता नमूद आहेत. त्यांत अपस्माराचे नाव नाही.

आरोग्यसेवेत : स्वातंत्र्यानंतर कुष्ठरोग (१९५५), क्षयरोग (१९६२) व अंधत्व (१९७६) यांच्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम निघाले. अपस्मारासाठी असा स्वतंत्र कार्यक्रम निघाला नाही. मानसिक आरोग्याच्या कार्यक्रमात त्याला जागा मिळाली. १९७५ च्या सुमारास चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेने हरियाणातील रायपूर रानी येथे आणि बंगलोरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व तंत्रिका विज्ञान संस्थेने (निम्हान्स) जवळच्या सकलवारा येथे ग्रामीण प्रयोग सुरू केले. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर व आरोग्यसेवक यांना थोडे प्रशिक्षण दिल्यास ते मनोविकार व अपस्मार ओळखून थोड्या औषधांवर त्यांचे उपचार करू शकतात, असे या प्रयोगांत दिसून आले. त्या आधारावर १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारण्यात आला. १९८० नंतरच्या दशकात कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात तो जिल्हा पातळीवर राबवून पाहण्यात आला आणि १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम म्हणून त्याचा विस्तार झाला.

या व्यवस्थेचा लाभ निर्विवाद आहे. खेड्यांतील मानसिक उपचार केंद्रांत येणाऱ्यांत अपस्माराच्या रुग्णांची संख्या मोठी असे, आणि औषधाचा गुण लवकर व डोळ्यांदेखत दिसत असल्याने अशा केंद्रांवर गावाचा विश्वास बसण्यास हेच रुग्ण कारणीभूत होत. तथापि मेंदूचा विकार मनोविकारांच्या सदरात राहिला आणि वेडाचा शिक्का टाळू पाहणारी कुटुंबे त्या दारापासून दूर राहिली. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, रत्नागिरी व नागपूर येथील शासकीय मनोरुग्णालयांच्या नावांभोवती लोकांच्या मनात जी भीती आहे, ती पाहता याचे नवल वाटत नाही. तंत्रिकाविज्ञ बहुतांशी मोठ्या शहरांतच असल्याने पुढे शिबिरांचा मार्ग अवलंबिण्यात आला. १९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘लाइफलाइन एक्सप्रेस’ या आगगाडीवरील रुग्णालयात कालांतराने अपस्माराच्या तपासणीची सोय झाली. महाराष्ट्रात राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या सहकार्याने जिल्हा पातळीवर अपस्मार शिबिरे भरविण्यात आली. शिबिरात निदान होते. औषध मात्र पुढे अनेक वर्षे रोज लागते.

औषधपुरवठा : जुलाब वा ताप यांवरील औषध आठवडाभर नसले, तर रुग्ण दुसरीकडून ते मिळवितो किंवा तोवर बरा होतो. अपस्माराच्या औषधाचे तसे नाही. मध्येच खंडित होणारा पुरवठा काही वेळा औषध मुळीच न देण्यापेक्षाही वाईट ठरतो, हे वर सांगितलेच आहे. म्हणून या विकारात औषधाच्या किंमतीइतकेच त्याच्या सातत्याला महत्त्व आहे आणि शासकीय यंत्रणेची खरी कसोटी येथेच लागते.

किंमतीच्या बाबतीत भारताची स्थिती पुष्कळ अनुकूल आहे. औषधांच्या देशी उत्पादनासाठी १९६१ मध्ये इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स लि. ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पेटंट अधिनियम, १९७० अन्वये औषधद्रव्यावरील पेटंट बंद झाले व केवळ प्रक्रियेवरील पेटंट राहिले. त्यामुळे नवी औषधे देशात स्वस्तात तयार होऊ लागली. ही तरतूद २००५ मध्ये बदलण्यात आली. जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७५ मध्ये अत्यावश्यक औषधांना प्राधान्य द्यावे अशी शिफारस केली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ मध्ये अत्यावश्यक औषधांची जी पहिली यादी प्रसिद्ध केली, तिच्यात फिनोबार्बिटोन व फेनिटॉइन ही दोन्ही होती. भारताची राष्ट्रीय यादी १९९६ मध्ये निघाली व तिच्यात २००३, २०११, २०१५ व २०२२ मध्ये सुधारणा झाल्या. जुन्या औषधांबरोबर लेव्हेटिरासिटॅम हे नवे औषधही २०२२ च्या यादीत आहे. किंमत-नियंत्रणाखालील औषधांची संख्या १९७९ च्या आदेशात ३४७, १९८७ मध्ये १४२ व १९९५ मध्ये ७४ अशी उतरत गेली. २०१३ च्या आदेशाने नियंत्रणाची सांगड राष्ट्रीय यादीशी घालण्यात आली, तेव्हा अपस्मारावरील मुख्य औषधे निश्चितपणे त्याखाली आली. २००८ मध्ये सुरू झालेल्या जन औषधी दुकानांत ही औषधे मूळ नावाने कमी दरात विकली जातात.

स्वस्ताईची दुसरी बाजूही आहे. फिनोबार्बिटोनाच्या गोळीत उत्पादक, घाऊक व्यापारी व दुकानदार यांपैकी कोणालाच फारसे मिळत नाही. त्यातच हे औषध मनःप्रभावी द्रव्यांविषयीच्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या चौथ्या अनुसूचीत आहे, आणि भारतात गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनःप्रभावी पदार्थ अधिनियम, १९८५ च्या अनुसूचीतही आहे. डायझेपाम, क्लोबाझाम ही आकडीरोधक औषधेही याच यादीत आहेत. व्यसनाला आळा घालण्याचा हेतू योग्य असला, तरी त्यामुळे नोंदवह्या, परवाने व तपासणी यांचा भार नफा नसलेल्या मालावर पडतो. दुकानदार असा माल न ठेवणेच पसंत करतो. या अधिनियमाखालील नियमांनुसार व्यक्तीला वैद्यकीय वापरासाठी एका वेळी १०० मात्रा बाळगता येतात. दीर्घकालीन उपचारासाठी चिठ्ठीत तसे स्पष्ट लिहिले असल्यास ३०० पर्यंत. रोज रात्री दोन गोळ्या घेणाऱ्यास १०० गोळ्या पन्नास दिवस पुरतात. म्हणजे नियम स्वतः फार जाचक नाही. त्याची धास्ती व अपुरी माहिती अधिक जाचक आहे.

शासकीय रुग्णालयांतील पुरवठा खरेदी, साठवण व वाटप या तीन टप्प्यांवर अवलंबून असतो. राज्य पातळीवर एकत्र खरेदी करून गोदामांतून संगणकीय नोंदीनुसार वाटप करण्याची पद्धत तमिळनाडूने १९९४ मध्ये स्थापन केलेल्या वैद्यकीय सेवा महामंडळामार्फत प्रथम यशस्वी केली व ती इतर राज्यांना आदर्शवत् ठरली. महाराष्ट्रात ही खरेदी २०१७ मध्ये हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे सोपविण्यात आली आणि २०२३ मध्ये त्यासाठी महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण कायद्याने निर्माण करण्यात आले. मागणी मागील वर्षीच्या खपावरून ठरविण्याची रूढ पद्धत अपस्माराच्या बाबतीत फसवी असते. गोळ्या संपल्या की रुग्ण येईनासे होतात, रुग्ण आले नाहीत म्हणून खप कमी दिसतो व पुढील मागणी त्याहून कमी नोंदविली जाते.

जुन्या औषधाची प्रतिष्ठा : श्रीमंत देशांत दुष्परिणामांमुळे फिनोबार्बिटोन मागे पडले, तेव्हा गरीब देशांना तरी ते का द्यावे, असा आक्षेप घेतला गेला. त्याची परीक्षा भारतातच झाली. पश्चिम बंगालमधील २४ परगणा भागात ९४ मुलांवर केलेल्या तौलनिक चाचणीत (१९९८) फेनिटॉइनच्या मानाने फिनोबार्बिटोनाने मुलांच्या वर्तनात अधिक बिघाड होत असल्याचे आढळले नाही. कर्नाटकातील येळंदूर येथे के. एस्. मणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही दोन जुनी औषधे वापरून खेड्यांतील रुग्णांवर दीर्घकाळ उपचार केले. उपचारापूर्वी ज्यांना थोडेच झटके आले होते, त्यांना अधिक चांगला गुण आला, असे त्यांनी २००१ मध्ये नमूद केले. चीनच्या ग्रामीण भागात २०००–०४ या काळात गावच्या डॉक्टरांमार्फत २,४५५ रुग्णांना फिनोबार्बिटोन देण्यात आले. वर्षभर उपचार पुरा केलेल्यांपैकी ६८ टक्के रुग्णांचे झटके निम्म्याने वा त्याहून अधिक कमी झाले, आणि तेथील शासनाने ही योजना पुढे वाढविली. भारतातील प्रयोग गुणवत्तेने उणे नव्हते. त्यांच्यामागे शासनाची अशी योजना उभी राहिली नाही, एवढाच फरक. औषधाची निवड अर्थात डोळसपणे करावी लागते. व्हॅलप्रोएट गर्भास अपायकारक असल्याने प्रसूतिक्षम वयातील स्त्रियांना ते शक्यतो देत नाहीत; तेव्हा एकाच औषधाचा साठा असलेले केंद्र पुरेसे होत नाही.

अलीकडील घटना : जागतिक आरोग्य संघटना व अपस्मारविषयक दोन आंतरराष्ट्रीय संस्थांनी १९९७ मध्ये या विकाराला अंधारातून बाहेर आणण्याची संयुक्त मोहीम सुरू केली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने अपस्मारावर ठराव केला व २०२२ मध्ये २०२२–३१ या काळासाठी कृतियोजना संमत केली. २०३१ पर्यंत अपस्मारावरील सेवांची व्याप्ती २०२१ च्या मानाने निम्म्याने वाढवावी आणि ८० टक्के देशांनी तंत्रिका विकारांवरील अत्यावश्यक औषधे प्राथमिक आरोग्यसेवेत उपलब्ध करावीत, ही तिची उद्दिष्टे आहेत. भारतात २०१८ पासून सुरू झालेल्या आरोग्य व निरामयता केंद्रांच्या (२०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर) सेवांत मानसिक व तंत्रिका विकारांबरोबर अपस्मारही घेण्यात आला आहे. आशा कार्यकर्तीने रुग्ण शोधावा, वैद्यकीय अधिकाऱ्याने निदान करून औषध ठरवावे आणि ठरलेल्या औषधाचा पुढील पुरवठा गावाजवळच्या केंद्रातून व्हावा, अशी ही रचना आहे.